बिशपसाहेब 'नाही' म्हणाले

प्रिय भिंगरी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. परवापासून मी कितीदा लावला ते मोजलं नाही, पण जावईबापूंनी दर वेळी उचलून "ती बाळाला झोपवतेय" असं सांगितलं. त्यावरून माझी नात चोवीस तास झोपूनच असते असं दिसतंय. असो. पत्राचं एक बरं असतं, मध्येच खटकन ठेवून देता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि तेही तू वाचल्याशिवाय फाडणार नाहीस. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि मग भांडायचं, ही तुझी लहानपणापासूनची सवय, आणि ती माझ्याकडून आली आहे.

झालं काय ते तुला ठाऊकच आहे. परवा सकाळी तू फोन केलास. नेहमीसारखं "बिशपसाहेब आहेत का घरी?" विचारलंस. बाळाचा बाप्तिस्मा तुमच्याच हातून व्हायला हवा, तुम्ही इकडे या आणि तुम्हीच करा, म्हणालीस. त्यावर तुझे बाबा म्हणाले, "नाही." आणि फोन ठेवून दिला. मी ओले हात पुसत बाहेर येईपर्यंत सगळा खेळ आटोपला होता. तुझ्या जागी मी असते तर मीही फोन उचलला नसता, आणि जावयाला खोटं बोलायला लावण्यापेक्षा वायरच काढून ठेवली असती. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला नकार दिला नाही, त्याने तो स्वतःच्या लेकीला द्यावा, तोही तिच्या बाळाच्या बाबतीत! ते असं का झालं आणि त्या 'नाही'च्या पोटात काय आहे, ते तुला सांगायचं आहे. पण मी माझ्या पद्धतीने सांगणार, म्हणजे लांबून. चहा घेऊन बस.

आमच्या पहिल्या भेटीची गोष्ट तू मामाकडून ऐकली आहेस, आणि मामा तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नाही. खरी अशी आहे. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला नवीनच लागले होते. तुझे बाबा तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते, घरोघरी फिरून मीटर वाचायचे, आणि मीटरवरचे आकडे दिसेनासे झाले म्हणून दुकानात आले. मी भिंगं बदलत विचारत होते, हे बरं की हे बरं? आणि हे दर वेळी म्हणत होते, "दोन्ही बरी आहेत." आता दोन्ही कशी बरी असतील? पण या गृहस्थाला कुठल्याच भिंगाचं मन मोडवेना. शेवटी मी अंदाजाने नंबर काढला, तो साफ चुकला. हे तो चष्मा घालून कितीतरी महिने डोकं धरून फिरले, पण तक्रार करायला काही आले नाहीत. आले ते एकदम लग्नाचं विचारायला. पुढे आपल्या वाट्याला काय वाढून ठेवलंय ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मीटर सोडून ते पाळक व्हायच्या शिक्षणाला गेले, तेव्हा त्यांच्या वडलांनी महिनाभर अबोला धरला होता. माझ्या वडलांनी मात्र मला बाजूला घेऊन बजावलं, की बघ बाई, पाळकाचं घर म्हणजे दार नसलेलं घर. मला तेव्हा ते फार छान वाटलं होतं. दार नसलेलं घर! बंदराजवळच्या चर्चमध्ये हे सहायक पाळक म्हणून लागले आणि मग छान म्हणजे काय ते कळलं. तिथले मोठे पाळक गुडघ्यांनी अधू होते. तेवढा अंत्यविधी बघशील का? हो. संध्याकाळची उपासना घेशील का? हो. बोटीवरचा एक आचारी तुरुंगात आहे, त्याला भेटून येशील का? हो. आमची खोली चर्चच्या सभागृहाच्या वर होती, तिला डांबराचा आणि ओल्या दोरखंडांचा वास यायचा, आणि जिन्यावर सदा कुणीतरी बसलेलं असायचं. कुणाला अर्ज लिहून हवा असायचा, कुणाला नुसतं रडायचं असायचं. मी दुकानातून दमून यायचे आणि त्यांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत वर चढायचे. पण खरं सांगते, त्या जिन्यावरून कुणी रिकाम्या मनाने परत गेलं नाही. ते सुख मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून तर इतकी वर्षं सगळं निभावलं.

तू झालीस ती त्यांना स्वतःचं चर्च मिळाल्यावर. तुझा बाप्तिस्मा त्यांनीच केला. मी तुला त्यांच्या हातात दिलं, त्यांनी तुझ्या डोक्यावर पाणी घातलं, तू छत उडून जाईल अशी किंचाळलीस, आणि त्यांनी तुला ओलीचिंब माझ्याकडे परत केलं. तेव्हापासून आपण दोघी पुढच्या बाकावर आणि ते समोर, हा आपल्या घरचा रविवार. सगळ्यांचे बाप बाकावर, एकीचाच बाप वर. एकदा तू ऐन प्रार्थनेत मोठ्याने विचारलं होतंस, "आई, बाबा आपल्यात का बसत नाहीत? आपण त्यांना आवडत नाही का?" मागची अख्खी रांग हसली होती. मीही हसले. घरी येऊन हसू आलं नाही. त्यानंतर तुझ्या बाबांनी ती करंगळीची युक्ती काढली. मिरवणुकीने आत येताना हात हलवायची सोय नसायची, म्हणून ते आपल्या बाकाशी आले की पुस्तक धरलेल्या हाताची करंगळी तेवढी उचलायचे. तू ती करंगळी बघायला मान लांब करून बसायचीस, आणि दिसली की आठवडाभराची कमाई झाल्यासारखी मागे टेकायचीस.

ते बिशप कसे झाले तेही ऐकून ठेव, कारण बाहेर लोक काहीबाही सांगतात. धर्मप्रांताच्या सभेत दोन तट पडले होते. एकाला कडक माणूस हवा होता, दुसऱ्याला मोकळा. सभा संपता संपेना. शेवटी कुणीतरी तुझ्या बाबांचं नाव घेतलं, आणि दोन्ही तटांना वाटलं की हा आपलाच. वाटणारच! आयुष्यभर दोघांनाही 'हो' म्हटलेलं. अँग्लिकन चर्चमध्ये नव्या बिशपच्या डोक्यावर जुने बिशप सगळे मिळून हात ठेवतात, तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत होतीस. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र दिसत होतं की त्या एवढ्या हातांच्या ओझ्याने यांची मान खाली खाली चाललीय, आणि "जरा हळू" म्हणायची यांची टाप नाही. घरी आल्यावर मी मानेला मलम चोळलं. "जड आहे गं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, हात जड होते की काम? तर म्हणाले, "दोन्ही."

मग बिशपांना राहायला मिळतो तो बंगला. त्या घरात प्रत्येक खुर्चीच्या बुडाखाली रंगाने नंबर घातलेला होता, तू पालथी पडून ते वाचायचीस. आपलं म्हणावं असं त्या घरात काही नव्हतं, भिंतीत एक खिळा मारायचा तर समितीला विचारायला लागायचं. जेवताना फोन. आजारी असताना फोन. दोन चर्चची एका घंटेवरून भांडणं, एका पाळकाला बदली हवी, दुसऱ्याला नको, आणि बदली दोघांची एकमेकांच्या जागी. तुझे बाबा दोघांना 'हो' म्हणायचे आणि मग आठवडाभर दोन्हीकडचे जोडे खायचे. बायकांना पाळक करायचं की नाही, या वादात तर ते किती वर्षं दोन्ही डगरींवर हात ठेवून बसले होते. तू कॉलेजातून येऊन त्यांच्याशी कडाकडा भांडायचीस, आणि मी आतून तुझ्या बाजूने असायचे. पण शेवटी त्यांनी ते केलं, हे विसरू नकोस. ज्या दिवशी त्यांनी पहिल्या तीन बायकांच्या डोक्यावर हात ठेवले, त्या दिवशी मी बाकावर एकटी बसून नाक लाल होईपर्यंत रडले. तू तेव्हा परगावी होतीस. त्यातलीच एक आता आमच्या इथे पाळक आहे, तिच्याविषयी पुढे येतेच.

आता तुझ्या लग्नाचं. हा विषय आपल्याकडे कुणी काढत नाही, सगळे कसे मूग गिळून बसतात. तर मी काढते. तू त्यांना म्हणाली होतीस, "बाबा, लग्न कुणीही लावू दे. तुम्ही फक्त माझा हात धरून मला दारातून आत आणायचं." ते 'हो' म्हणाले. मनापासून म्हणाले, मी तिथेच होते. मग कॅथीड्रलची, म्हणजे बिशपांच्या मोठ्या चर्चची, मंडळी आली. बिशपांच्या मुलीचं लग्न बिशपांनीच लावायला नको का, लोक काय म्हणतील, आम्हाला केवढा मान. त्यांनाही 'हो' म्हणाले! पुन्हा आपलं 'दोन्ही बरी आहेत'. एक माणूस दारातून मुलीला घेऊन येतोय आणि तोच वेदीपाशी तिची वाट बघत उभाही आहे, हे कसं जमणार, याचा विचार त्यांनी लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत केला नाही. मी फैलावर घेतलं तेव्हा कोपऱ्यात बसून म्हणाले, "अगं, माझ्याकडे तिला द्यायला हे सोडून दुसरं आहे तरी काय?" त्यांना खरंच तसं वाटत होतं गं. तो झगा, ती उंच टोपी, तो आशीर्वाद, हीच आपली सगळी मिळकत, आणि ती लेकीला द्यायची. तुला त्यातलं काही नको होतं, तुला चालताना धरायला त्यांचा कोपर हवा होता. हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

तेव्हा तू मामाच्या हाताला धरून आत आलीस. मामाचा कोट दंडात घट्ट झाला होता आणि तो यंत्रासारखा चालत होता. तू सरळ समोर बघत होतीस, चेहरा दगडाचा. म्हणून एक गोष्ट तुला दिसली नाही, आणि मी ती इतकी वर्षं सांगितली नाही, कारण तू ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतीस. तू अर्ध्यावर आलीस तेव्हा बिशपपदाची खूण म्हणून हातात धरतात त्या काठीवरची त्यांची करंगळी वर होती. तू पोचलीस, प्रार्थना सुरू झाली, तरी ती खाली आली नाही. मी एकटीने ती पाहिली. त्या दिवसापासून तू त्यांना 'बिशपसाहेब' म्हणायला लागलीस. हसत म्हणतेस, तेही हसून ओ देतात. पण तुझा फोन ठेवला की ते चष्मा काढून पुसत बसतात, हे तुला तिकडून कसं दिसणार?

बरं, आता जरा बरं वाटेल असं सांगते. निवृत्तीची उपासना तुला बघायला मिळाली नाही, डॉक्टरांनी तुला प्रवासाला मनाई केली होती, तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी दाखवते. शेवटच्या गीताच्या वेळी ते काठी घेऊन वेदीपाशी गेले, ती आडवी ठेवली, म्हणजे पद खाली ठेवलं, आणि मागे वळले. एवढंच असतं, पण ते ठेवणं बघवत नाही म्हणतात. मला बघवलं. मला तर मनातल्या मनात टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. लोक हुंदके देत होते आणि माझा जीव भांड्यात पडत होता. मग ते मधल्या वाटेने रिकाम्या हातांनी चालत यायला लागले. उजव्या हाताचं काय करावं ते त्यांना कळेना. आधी पाठीमागे धरला, मग खिशात घालायला गेले तर त्या झग्याला खिसाच नाही. आणि आपल्या बाकापाशी आल्यावर थांबले. अख्ख्या आयुष्यात त्या बाकाशी ते कधी थांबले नव्हते. माझ्यापुढे हात केला आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ." मी माझी पर्स तिथेच विसरले.

नवीन घर दोन खोल्यांचं आहे, ते तू फोटोत पाहिलं आहेस. किल्ली हातात पडली त्या दिवशी मी पहिली काय गोष्ट केली असेल? भिंतीत खिळा मारला. त्याला अजून काही टांगलेलं नाही, नुसता खिळा आहे, आणि तो मला फार आवडतो.

पण आमच्या सुखाला एक किडा लागला. निवृत्त बिशप म्हणजे लोकांना आयती मिळालेली पर्वणी असते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. कुणाच्या दुकानाला आशीर्वाद द्यायचा आहे, कुणाचे पाळक रजेवर आहेत, कुणाला स्मरणिकेसाठी चार शब्द हवे आहेत. आणि तुझे बाबा सगळ्यांना हो, हो, हो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात ते बिशप असतानापेक्षा जास्त वेळा घराबाहेर होते. तेव्हा मी कंबर कसली. त्यांना आरशासमोर उभं केलं आणि 'नाही' म्हणायला शिकवलं. हसू नकोस. त्यांच्या तोंडून तो शब्दच निघेना, "बघू", "कळवतो", "तसं जमेल म्हणा" असलं काहीतरी निघायचं. कारणं सांगायला लागले की समोरचा त्यातूनच वाट काढायचा. म्हणून मी नियम घालून दिला. 'नाही' म्हणायचं आणि फोन ठेवायचा. कारण द्यायचं नाही. दिलंत की संपलात. त्यांनी अगदी शाळकरी पोरासारखा पाठ केला. परवापर्यंत त्यांनी दोन-तीन लोकांना खरंच नकार दिला होता, आणि मी दर वेळी शाबासकी म्हणून बिस्किट दिलं होतं. पुढचं तुला आता कळायला लागलं असेल.

मध्ये त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नेमकं त्याच आठवड्यात तू बाळंत झालीस, दिलेल्या तारखेच्या आधीच. मला तिकडे येता आलं नाही याची रुखरुख अजून आहे, तुझ्या सासूबाईंनी सगळं केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. हे डोळ्यांना पट्टी बांधून पडलेले, आणि मी तुझ्या बाळाचा फोटो बघून त्यांना सांगतेय, नाक तुमचं आहे, जावळ दाट आहे. त्यांनी आंधळ्यासारखं त्या फोटोवर बोट फिरवलं. पट्टी काढल्यावर मी घरीच त्यांना भिंगं लावून विचारलं, हे बरं की हे बरं? आणि काय सांगू, हा माणूस फटकन म्हणाला, "दुसरं." मी भिंग खाली ठेवलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. डोळे छान झाले आहेत, डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे. आता काळजीचं काही नाही.

आणि रविवार. आता आम्ही कोपऱ्यावरच्या छोट्या चर्चमध्ये जातो, जिथे ती मघा म्हणाले ती पाळकबाई आहे. तिने पहिल्या दिवशी यांना वर येऊन बसायचा आग्रह केला, यांनी माझ्याकडे बघितलं आणि 'नाही' म्हणाले. (त्यालाही बिस्किट.) आम्ही दोघं बाकावर शेजारी शेजारी बसलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि मला माहीत नव्हतं की माझा नवरा गाताना इतका बेसूर होतो. वर असताना बाकीच्यांच्या आवाजात बुडून जायचा बहुतेक. प्रवचन चालू असताना पाय हलवतो. मोकळेपणाने सांगते, मला इतकं हलकं वाटत होतं की मी प्रार्थनेत काय मागितलं तेही आठवत नाही. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि शेवट आला. पाळकबाई आशीर्वाद द्यायला उभी राहिली, हात वर केला, आणि माझ्या शेजारी हेही ताठ उभे, उजवा हात वर! सवयीचा हात तो, त्याला कुठे ठाऊक की आपण आता बाकावर आहोत. दोन आशीर्वाद एकदम सुरू होणार होते. मी तो हात वरच्या वर पकडला, त्यांना खाली बसवलं आणि तो माझ्या मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला. तो आधी जरा धडपडला. मग निवांत झाला. यांनी मान खाली घातली आणि दुसऱ्याने दिलेला आशीर्वाद घेतला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अगं, घेणंही बरं असतं की." मी म्हटलं, आम्ही दोघी इतकी वर्षं तेच करत होतो.

तर आता परवाचं. तू बाप्तिस्म्याचं विचारलंस, ते का विचारलंस हे मला कळत नाही असं समजू नकोस. तू तह करायला आली होतीस. त्यांना जे द्यायचं असतं असं तुला वाटतं, तेच तू मागितलंस, म्हणजे त्यांचा मान राहील आणि जुनं सगळं मिटेल. ते करताना तुला किती जड गेलं असेल ते मी ओळखते. त्यावर हे महाशय 'नाही' म्हणून फोन ठेवतात. मी विचारलं, कुणाचा होता? "भिंगरीचा." काय म्हणाली? "बाळाचा बाप्तिस्मा मी करावा म्हणाली." मग? "नाही म्हटलं." आणि कारण? तर माझ्याकडे अशा निरागस डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाले, "कारण द्यायचं नाही, असं तूच सांगितलं होतंस ना?" मी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांनी सांगितलं. मी शब्दाला शब्द लिहिते, कारण हे पत्र एवढ्याचसाठी आहे. म्हणाले, "आयुष्यभर मी लोकांच्या हातातून बाळं घेतली. घ्यायचं, पाणी घालायचं, परत द्यायचं. आपल्या भिंगरीलासुद्धा तुझ्या हातातून घेतलं आणि तुलाच परत दिलं. लग्नात ती माझ्याकडे चालत आली, मी तिला घेऊन आलो नाही. या वेळी मला पलीकडच्या बाजूला उभं राहायचंय, तुमच्यात. बाळ माझ्या हातात असायला हवं, आणि तिथल्या पाळकांनी ते माझ्याकडून मागून घ्यायला हवं." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला, जो आता त्यांना लागतही नाही. तेव्हा बाप्तिस्मा तुमच्या पाळकांना करू दे, आणि बाळ यांच्या हातात दे. मनात आलं तर एक फोन कर, आणि या वेळी 'बाबा' म्हण. ते फोनपासून हलत नाहीत, आणि या एका नंबरला काहीही विचारलं तरी 'हो' म्हणायचं, असा मी नियम बदलून दिला आहे. काल त्यांनी आपल्या पसंतीने एक निळा शर्ट आणला, पाळक झाल्यापासून पहिल्यांदा पाळकांचा काळा नाही आणि बिशपांचा जांभळाही नाही. सकाळपासून तो घालून, उशी कुशीत घेऊन, फोनभोवती फेऱ्या मारताहेत. त्यांना ओली बाळं मिनिटभर धरायची सवय, कोरडं बाळ इतका वेळ कसं धरतात ते ठाऊक नाही. मघाशी मला विचारलं, "मध्येच रडायला लागलं तर परत कुणाकडे द्यायचं?" मी म्हटलं, कुणाकडेच नाही. आजोबांनी धरून ठेवायचं असतं.

तुझीच,
बाकावर तुम्हा सगळ्यांची जागा धरून बसलेली
आई